रिपोर्ट नॉर्मल, बाई घरात

आमच्या शिरोलीहून कोल्हापुरात जायचं तर पंचगंगेचा पूल ओलांडावा लागतो. सांगली फाटा, पुढं पूल, मग तावडे हॉटेलचा चौक, की आलंच कोल्हापूर. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये कामाला येणारी कितीतरी माणसं दिवसातून दोनदा हा पूल ओलांडतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मी मात्र दीड वर्ष तो ओलांडला नाही. आणि मैत्रिणींनो, गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, माझ्या घरात हे कुणालाच खटकलं नाही.

जून २०२२ मधली गोष्ट. माहेरी निघाले होते. केएमटीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळालेली, पाऊस नुकता सुरू झालेला, मांडीवर आईसाठी घेतलेल्या आंब्यांची पिशवी. पुलावर गाड्या अडकल्या आणि बस थांबली. खाली नदीचं पाणी गढूळ झालेलं दिसलं. तेवढ्यात काय झालं कळलंच नाही. छातीत धडधड सुरू झाली, एवढी की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटावं. घाम फुटला. श्वास पुरेना. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या. समोरची माणसं कुठंतरी लांब गेल्यासारखी दिसायला लागली. डोक्यात एकच, आपण आता इथंच मरणार आणि पोरगी क्लासवरून आली की तिला हे कोण सांगणार? शेजारच्या बाईनं पदरानं वारा घातला, मागनं कुणीतरी ‘कांदा हुंगवा’ म्हणालं. कंडक्टर भला माणूस. त्यानं तावडे हॉटेलपाशी उतरवून रिक्षात बसवून दिलं.

एका दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. तोवर पाऊण तास गेला होता आणि मी बरीचशी सावरले होते. डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. ‘काही झालेलं नाही. उगाच टेन्शन घेऊ नका.’ हे कंपनीतून हाफ डे टाकून धावत आले होते. यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही. काही झालं नाही तर मघाशी जे झालं ते काय होतं, हे विचारायचं धाडस झालं नाही. तपासण्यांचे पैसे वाया गेले, याचीच लाज वाटत राहिली.

घरी आल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. ‘नदीवरनं जातीस न्हवं, भायेरचं कायतरी लागलं असंल.’ मी बीए झालेली, बचत गटांच्या बैठकांत अंधश्रद्धेवर बोलणारी. पण खरं सांगू का, त्या दिवशी मला डॉक्टरांपेक्षा आत्या जवळच्या वाटल्या. त्यांनी निदान ‘काहीतरी झालंय’ एवढं तरी मान्य केलं होतं.

या ‘काही झालेलं नाही’बद्दलच मला आज बोलायचंय.

पुढं तीन आठवड्यांनी रेशनच्या रांगेत तसंच झालं. मग एकदा एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत. मग ते येईल याचीच भीती बसली. बस नको वाटू लागली. मग फक्त पूल नको. शियेच्या बाजूनं कसबा बावड्याकडं निघता येतं, पण तिकडंही नदी आहेच की. शेवटी कोल्हापूरच नको झालं. गटाची बँकेची कामं मी दुसरीवर सोपवली. २०२३ मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी फोनवर सांगितलं, आत्यांना बरं नाही, मला निघता येत नाही. आत्या तेव्हा शेजारच्या खोलीत हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या, ठणठणीत. ते खोटं मला अजून टोचतं. आणि याच दीड वर्षात मी गटातल्या बायकांना ‘बाईनं धीट व्हायला पाहिजे’ असं सांगत फिरत होते. शिरोलीतल्या शिरोलीत, अर्थात.

घरात कुणाला का खटकलं नाही म्हणाल, तर सरळ आहे. पुरुषानं आठ दिवस पूल ओलांडला नाही तर घरात आरडाओरड होते, पगार कापला जातो. बाईनं दीड वर्ष नाही ओलांडला तर? तर ती घराला धरून आहे, उगाच हिंडत नाही, सासूची सेवा करते. उलट कौतुकच. आमच्या शेजारच्या काकू यांना म्हणाल्यादेखील, ‘वैनी हल्ली घरात असत्यात, बरं वाटतं बघून.’ म्हणजे आजारच सद्गुणासारखा दिसायला लागला! हा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतो, असं अभ्यास सांगतात. पण तो बाईला घरात बसवतो आणि घरात बसलेली बाई आपल्याकडं कुणाला आजारी वाटतच नाही. मग त्याची नोंद व्हायची कुठं?

यात माया करणारी माणसंही हातभार लावतात बरं का. ‘तू नको जाऊ, मी आणतो.’ ‘आईला मी डबा देऊन येते, तू पड.’ हे भाजी आणायचे, लेक बिलं भरायची. मला त्या क्षणी किती हलकं वाटायचं! पण प्रत्येक वेळी माझ्या मनात एवढंच पक्कं होत गेलं की बाहेर खरंच धोका आहे आणि मला ते झेपणारं नाही. मायेनं माझ्याभोवती भिंत बांधली, एकेक वीट करून. विटा मीच हातात देत होते.

माझ्या गटातल्या एका बाईची गोष्ट याच्या उलट. ती एका कारखान्यात कोअर शॉपला होती. वाळूचे कोअर तयार करायचे, दिवसभर उभ्यानं. तिला कामावरच झटका आला. दोनदा, तीनदा. तिला लपवायची सोय नव्हती. रोजंदारी बुडाली. प्रत्येक वेळी ईसीजी, प्रत्येक वेळी ‘नॉर्मल’. नवऱ्यानं पहिल्यांदा पळत नेलं, दुसऱ्यांदा सावकाश नेलं, तिसऱ्यांदा म्हणाला, ‘नाटकं बास कर.’ ती मला म्हणाली, ‘ताई, एकदा तरी रिपोर्टात कायतरी निघूदे असं वाटतंय.’ हार्टचा आजार निघावा अशी इच्छा करणारी बाई! आपल्या ‘काही झालेलं नाही’नं तिला तिथवर आणून सोडलं होतं.

खरं काय असतं ते मला फार उशिरा कळलं. आपल्या शरीरात धोक्याच्या वेळचा एक भोंगा असतो. साप दिसला, गाडी अंगावर आली की तो वाजतो, अॅड्रेनॅलिन रक्तात सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, म्हणजे आपण पळावं किंवा झुंजावं. पॅनिक अटॅकमध्ये आग नसताना हा भोंगा वाजतो. पण वाजतो तो खराच. धडधड खरी, घाम खरा. भराभरा श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं हातापायांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. मुंग्या आल्या की बाई आणखी घाबरते, घाबरली की आणखी भराभर श्वास. असं ते चाक फिरत राहतं. साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग बहुतेक वेळा आपोआप उतरतं, अर्ध्या तासात, कधी त्याच्या आधीच. दवाखान्यात पोचेपर्यंत ते उतरलेलं असतं. म्हणून तर रिपोर्ट नॉर्मल!

पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांकडं जायचंच, यात दुमत नको. छातीत दुखणं हातात, जबड्यात, पाठीत सरकत असेल तर घरी अंदाज बांधत बसू नये. बायकांत हार्ट अटॅकची लक्षणं कधी कधी वेगळीच दिसतात, नुसता दम लागतो, मळमळतं. थायरॉईड वाढलेला असला, रक्त कमी असलं, साखर उतरली, तरी धडधडतं. हे सगळं तपासून घ्यावं. माझं म्हणणं तपासण्यांच्या विरोधात नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे अर्धं उत्तर मिळालं, उरलेलं अर्धं कुणीतरी सांगायला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. ‘तुमचं हृदय चांगलं आहे. तुम्हाला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो परत येऊ शकतो, त्यानं जीव जात नाही, त्यावर उपचार आहेत.’ चार वाक्यं. एक मिनिट लागत नाही.

कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी सांगितलेलं एक आठवलं. ‘पॅनिक’ हा शब्द ग्रीकांच्या पॅन नावाच्या देवावरून आला. रानावनात राहणारा हा देव एकट्यादुकट्या वाटसरूला अचानक भेदरवून सोडायचा, अशी त्यांची समजूत. म्हणजे तिकडंही ‘भायेरचं’च होतं की! पुढं १८७१ मध्ये अमेरिकेत डॉ. दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं. छातीत धडधड, धाप, थकवा, आणि तपासलं तर त्यांतल्या अनेकांच्या हृदयात बिघाड सापडत नव्हता. त्या आजाराला लोक ‘सैनिकाचं हृदय’ म्हणायला लागले. किती मानाचं नाव! आणि त्याच काळात बायकांना असं काही झालं की त्याला म्हणायचे ‘हिस्टेरिया’, ज्याचं मूळ गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. पुरुषाला झालं तर लढाईमुळं, बाईला झालं तर तिच्या बाईपणामुळं. शेवटी १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. नाव मिळायला इतकी वर्षं गेली, आणि शिरोलीपर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

मला हे पुलावरच का झालं, हा प्रश्न सगळे विचारतात. मला वाटतं त्याचा एक धागा महापुराशी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फूट ओलांडले. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना, हे आकडे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि बरेच दिवस बंद राहिला. मालट्रकांची रांग लागली होती. आम्ही बायकांनी ड्रायव्हर-क्लीनर लोकांसाठी चपात्या लाटल्या, पिठलं-भात केला. माझी आई पलीकडं, मी अलीकडं, मधे समुद्रासारखं पाणी. तेव्हा मला काहीसुद्धा झालं नाही. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला, तेव्हाही नाही. माझ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, काम करताना मन हिशेब मांडत नाही, तो मागाहून मांडतं. पण नुसता पूरच नव्हता. त्या वर्षी सासऱ्यांचं दुखणं झालं, यांच्या कंपनीत शिफ्ट कमी केल्या होत्या, लेकीची बारावी. एकच कारण शोधत बसू नये, असं मी आता शिकले. काहींच्या बाबतीत तर कारण सापडतही नाही आणि तरी उपचार लागू पडतात.

समुपदेशक बाईंपर्यंत पोचले ती लेकीमुळं. आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी केलेलं खोटं तिनं ऐकलं होतं. आठवडाभर काही बोलली नाही, मग एकदम म्हणाली, ‘आई, तू आजीला खोटं सांगितलंस, की तू खरंच घाबरतेस?’ मी रडले. मग तिनंच चौकशी केली.

उपचार ऐकाल तर फार साधे. मला गोळ्या लागल्या नाहीत, पण ज्यांना लागतात त्यांनी घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञ यासाठी ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे किंवा जास्तही लागतात आणि पहिल्या दिवसांत कधी कधी धडधड वाढल्यासारखी वाटते. आपल्या बायका नेमक्या तेव्हाच सोडून देतात. सोडायच्याही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. याउलट, आपल्याकडं शेजारणी-शेजारणींत जी ‘झोपेची अर्धी गोळी’ फिरते ना, तिची मला धास्ती वाटते. अल्प्राझोलमसारख्या गोळीनं तासाभरात बरं वाटतं आणि म्हणूनच तिची सवय लागते. २०१४ पासून अशा औषधांची विक्री दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंदवायची असा नियम आहे, चिठ्ठी तर हवीच. पण पापडाच्या डब्यातून शेजारी गेलेली अर्धी गोळी कुठल्या वहीत येणार?

माझा उपचार म्हणजे पायऱ्या. बाईंनी वहीत लिहायला लावल्या. पहिली, रोज संध्याकाळी सांगली फाट्यापर्यंत चालत जाऊन यायचं. दुसरी, पुलाच्या अलीकडच्या टोकाशी दहा मिनिटं उभं राहायचं. तिसरी, यांच्या गाडीवर मागं बसून पूल ओलांडायचा, लगेच परत. चौथी, लेकीबरोबर बसनं. पाचवी, एकटीनं. धडधडायला लागलं तर पळायचं नाही, ते चढून उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. श्वास मोठा ओढायचा नाही, उलट सावकाश सोडायचा, चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. दुसऱ्या पायरीला मी तीन आठवडे अडकले. पुलाच्या टोकाशी उभी असताना ओळखीचे लोक थांबून विचारायचे, ‘वैनी, कुणाची वाट बघताय?’ काय सांगणार! एकदा म्हणाले, ‘माझीच.’ तो माणूस कसनुसा हसून निघून गेला.

घरच्यांनाही बाईंनी एकदा बोलावलं. यांना सांगितलं, तिची कामं करू नका, तिच्यासोबत जा. आणि झटका आला तर गराडा घालू नका, ‘घाबरू नको’ म्हणू नका, कांदा नको, चप्पल नको. शेजारी बसा, ‘हे उतरेल, मी इथं आहे’ म्हणा, आणि उतरल्यावर ती निघाली होती तिथंच तिला जाऊ द्या. हे शेवटचं आमच्या यांना फार जड गेलं. मला घरी आणायची त्यांना घाई असायची.

आता पैशाचं. खाजगी समुपदेशन सगळ्यांना परवडत नाही, मलाही चणचणीतच जमलं. पण सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आम्ही तो गटाच्या प्रत्येक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून टाकलाय. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली होती. शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडं सगळं नॉर्मल आहे, असं धरलं की काय कोण जाणे.

कारखानदार मंडळींनाही एक सांगणं. आगीचा, अपघाताचा प्रथमोपचार तुम्ही शिकवता. धडधडून घाबरी झालेल्या कामगाराशी, मग ती बाई असो की बाप्या, कसं वागायचं हे सुपरवायझरला शिकवायला फार तर एक तास लागेल. पुरुषांनाही हे होतं. ते ‘अॅसिडिटी’ म्हणतात एवढंच.

जानेवारी २०२४ मध्ये मी एकटी बसनं माहेरी गेले. पुलावर धडधडलं, नाही असं नाही. आईनं दार उघडलं, चष्म्यातून नीट न्याहाळलं आणि म्हणाली, ‘सासूबाई बऱ्या झाल्या वाटतं.’ मी तिला सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘तुझ्या आजीला असंच व्हायचं. आम्ही तिला कुठं न्यायचोच नाही.’

जूनमध्ये पाऊस लागला की अजूनही सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. ते काही सुटलेलं नाही, आणि कोल्हापूरकराचं ते सुटूही नये. कोअर शॉपवाल्या त्या बाईला मात्र अजून काम परत मिळालेलं नाही. पण नवरा परवा म्हणाला, ‘ताई, तुमी नेता तिथं तिला बी न्या.’ येत्या गुरुवारी तिला सांगली फाट्यापर्यंत चालत न्यायचंय. त्यालाही बरोबर यायला सांगितलंय, कंपनीची सुट्टी टाकून.